घराण्यातच जाडी असेल तर न्याहारीला काय: पेज की चहा-खारी?

"आमच्याकडे सगळेच अंगाने भरलेले, आता खाण्याने काय फरक पडणार?" रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे घरोघर ऐकू येतं. यातलं अर्धंच खरं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून, माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकाचा साधारण 40 ते 70 टक्के भाग आनुवंशिक असतो. 2007 मध्ये एफटीओ जनुकाचा वजनाशी संबंध सापडला. युरोपातल्या त्या अभ्यासात, या जनुकाचा जोखमीचा प्रकार आई-वडील दोघांकडूनही आलेल्यांचं वजन, तो कुणाकडूनच न आलेल्यांपेक्षा सरासरी 3 किलोने जास्त भरलं. हा प्रकार बराचसा भुकेतून काम करतो: पोट भरल्याची जाणीव कमी होते, हात थांबत नाही. म्हणूनच ताटात काय आहे याला अशा घरात जास्त महत्त्व.

चहा-खारी सोयीची, हे मान्य. पण मैदा, वनस्पती तूप, वर चहातली साखर, प्रथिनं नावापुरती. चार खाऱ्या कधी संपल्या कळत नाही आणि दहा वाजता पुन्हा भूक.

उकड्या तांदळाची पेज मला केव्हाही उजवी वाटते. मूठभर तांदळात वाडगा भरतो, आणि भात (सालासकटचं धान) उकडताना कोंड्यातलं ब-1 जीवनसत्त्व दाण्यात उतरतं. मात्र नुसती पेज-लोणचं पुरत नाही. सोबत भाजलेली सुकट किंवा कुळथाची उसळ हवीच, पोट धरून राहतं ते त्या प्रथिनांमुळे. रक्तदाब असेल तर खारा बांगडा नको, उसळच बरी.

आणि एफटीओवाल्यांचंही वजन आहार-व्यायामाने इतरांइतकंच उतरतं, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलेलं आहे.