पालकसभेसाठी कोणता चित्रपट निवडावा: ‘वुल्फ चिल्ड्रन’ की ‘द वाइल्ड रोबोट’?

यवतमाळ, चंद्रपूर किंवा गडचिरोलीकडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत आईवडील आणि मुले यांना एकत्र बसवून एखादा ॲनिमेशनपट दाखवायचा असेल, तर हे दोन चित्रपट विचारात घ्यावेत. मामोरू होसोदा यांचा ‘वुल्फ चिल्ड्रन’ २०१२ सालचा आणि जपानी आहे, तर ख्रिस सँडर्स यांचा ‘द वाइल्ड रोबोट’ २०२४ सालचा आणि अमेरिकन. आपल्यासारखे नसलेले मूल वाढवायचे आणि वेळ आली की त्याला जाऊ द्यायचे, हा विषय दोहोंत समान आहे.

‘द वाइल्ड रोबोट’ची कथा सरळ आहे. निर्जन बेटावर वाहून आलेल्या रॉझ या यंत्रमानवाच्या हातून रानहंसाचे घरटे चिरडले जाते, एकच अंडे वाचते आणि त्यातून निघालेल्या पिल्लाला खाणे, पोहणे व हिवाळ्याच्या स्थलांतरापूर्वी उडणे शिकवण्याचे काम तिच्या गळ्यात पडते. पालकत्व कुणी जन्मतः घेऊन येत नाही, ते करता करता येते, हे चित्रपट फार प्रेमाने दाखवतो. आईवडील कामासाठी बाहेरगावी आणि नातवंडे आजीआजोबांकडे, अशा घरांना तो विशेष जवळचा वाटेल.

‘वुल्फ चिल्ड्रन’ मात्र थेट शेतीच्या गावात येतो. लांडग्याचे रूप घेऊ शकणाऱ्या तरुणाशी हानाचा संसार सुरू होतो, पण धाकट्याच्या जन्मानंतर लवकरच तो तरुण मरण पावतो. युकी आणि आमे ही मुले घटकेत माणूस तर घटकेत लांडग्याचे पिल्लू होतात; लेक आजारी पडली तर माणसांच्या दवाखान्यात न्यावे की जनावरांच्या, हेही आईला उमगत नाही. शेवटी ती डोंगराकडच्या गावात मोडकळीस आलेले घर राहण्यासाठी घेते आणि पुस्तके वाचून भाजीपाला लावते, पण रोपे टिकत नाहीत. निरासाकी हे वृद्ध शेतकरी कठोर शब्दांत तिला जमीन तयार करायला शिकवतात आणि तिघांच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठे वावर करायला लावतात. त्यामागचे कारण तिला बटाटे निघाल्यावर, शेजाऱ्यांशी देवाणघेवाण सुरू होते तेव्हा कळते. पतीच्या मागे कपाशी, सोयाबीन आणि लेकरे एकटीने सांभाळणाऱ्या आपल्याकडील बायांना हा भाग कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे युकी शिक्षणासाठी वसतिगृहात जाते, हेही ओळखीचेच आहे.

तरीही काही गोष्टी आयोजकांनी आधी पाहून ठेवाव्यात. लांडग्याच्या रूपातील वडिलांचा मृतदेह कचऱ्याच्या गाडीत टाकला जातो, तो प्रसंग लहान मुलांना झेपणारा नाही. सुरुवातीला पतीपत्नीच्या जवळिकीचे एक संयत दृश्यही आहे. आमे जेमतेम दहा वर्षांचा असताना कायमचा डोंगरात निघून जातो, आणि वाघ-बिबट्याच्या वावरामुळे मुलांना जंगलाकडे फिरकू न देणाऱ्या गावात यावर प्रश्न येणारच, तेव्हा त्यासाठी चर्चेला वेळ राखावा. हाना जवळजवळ कधीच कोसळत नाही, हे मला खटकते. कथा तिची मुलगी सांगते, त्यामुळे आईचे चित्र उजळ होणे समजते, पण खऱ्या थकव्याला त्यात जागा अपुरी पडली आहे.

लांबीत फरक थोडा आहे, ‘वुल्फ चिल्ड्रन’ ११७ मिनिटांचा, दुसरा १०२. हाती येणारी प्रत कोणत्या भाषेत आहे हे आधी तपासावे. इंग्रजी उपशीर्षकांवर सभा चालणार नाही, शिक्षकाला मधूनमधून मराठीत सांगावे लागेल. दोन्ही चित्रपटांत नुसत्या चित्रांवर आणि संगीतावर चालणारे भाग आहेत, तिथे ती गरजही उरत नाही.

पहिली ते चौथीची मुले अधिक असतील तर मी ‘द वाइल्ड रोबोट’ निवडेन. सभेत आया अधिक आणि मुले सहावीच्या पुढची असतील, तर निःशंकपणे ‘वुल्फ चिल्ड्रन’. फक्त कापूस वेचणीचे दिवस टाळून, म्हणजे दिवसभर वावरात राबलेल्या बायांना तो शेवटपर्यंत जागेपणी पाहता येईल.