घोडा बघून घोडा घेऊ नये

कोल्टच्या पिस्तुलावर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा कोरलेला असतो. मी कोल्हापूरकडचा, आमच्यात 'घोडा' म्हटलं की आधी बंदुकीचाच आठवतो. त्यामुळे ग्रीन कार्ड हातात पडल्यावर ह्यूस्टनच्या दुकानांत माझी नजर सारखी त्याच्यावरच. हवं होतं 'नाइंटीन-इलेव्हन' पिस्तूल, जॉन ब्राउनिंगने घडवलेलं. अमेरिकन सैन्याने ते १९११ साली स्वीकारलं आणि १९८५पर्यंत कमरेला बाळगलं. कोल्टचं साधारण हजार डॉलरला पडतं. बायकोने एवढंच विचारलं, "त्याचं करणार काय?"

करणार काय, तर रविवारी कागदावर भोकं पाडणार!

एका दुकानदाराने साडेतीन इंची नळीचं छोटं मॉडेल गळ्यात मारायचा प्रयत्न केला. नळी आखूड म्हणजे धक्का जास्त आणि स्प्रिंगही लवकर बदलावी लागते, हे मात्र तो बोलला नाही. दुसऱ्या दुकानातला म्हातारा बरा भेटला. म्हणाला, आधी भाड्याने घे, उडव, मग पाकीट काढ. शेजारीच नेमबाजीची रेंज होती.

पहिलं भाड्याने घेतलं ते अस्सल जुन्या लष्करी धाटणीचं, .४५ इंची गोळीचं. दिसायला राजबिंडं, पण नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी तांदळाच्या दाण्याएवढी. चाळिशीचा चष्मा लावूनही सापडेना. त्यात मुठीची वरची शेपटी आखूड. गोळी सुटून वरची सरकती स्लाइड मागे आली की घोडा अंगठ्याच्या बेचक्यात चावतो, अगदी खराखुरा. तिसऱ्या मॅगझिनला रक्त आलं.

शेवटी विकत घेतलं रॉक आयलंड कंपनीचं, फिलिपिन्समध्ये बनलेलं, ९ मिमी, पाच इंची नळी, शेपटी रुंद, माशी ठळक. सातशे डॉलरच्या आतबाहेर. .४५ची गोळी ९ मिमीच्या जवळजवळ दुप्पट महाग, म्हणून कोल्टचे वाचलेले पैसे काडतुसांत घातले. 'खरं १९११ म्हणजे .४५च' असं म्हणणारे रेंजवर भेटतात. ते पन्नास गोळ्या उडवून घरी जातात, मी दीडशे. गावी भावाला सांगितलं तर त्याला पटेना. तिकडे ९ मिमी सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही.

चाप मात्र कुठल्याही किमतीत गोड. सरळ मागे येतो, काचेची कांडी मोडावी तसा सुटतो. तीन हजार डॉलरच्या वरचं विल्सन कॉम्बॅट कंपनीचंही हातात घेऊन पाहिलं. स्लाइड लोण्यासारखी, पण माझा नेम तेवढ्या किमतीचा नाही.

घराच्या राखणीसाठी कुणी विचारलं तर मी हे सुचवणार नाही. घोडा चढवून, सेफ्टीचा खटका लावून ठेवायचं हत्यार आहे. ज्याचा अंगठा झोपेतही सेफ्टी शोधत नाही, त्याने या फंदात पडू नये. वजनही रिकामं असतानाच किलोच्या वर.

आणि साफसफाई! नळीच्या तोंडाची बुशिंग फिरवली की स्प्रिंगची टोपी सुसाट उडते. माझी फ्रिजमागे सापडली. परत जोडताना फ्रेमवर चंद्रकोरीसारखा ओरखडाही पाडला. नवशिक्याची खूण म्हणून तो ओळखला जातो, हे नंतर कळलं.

खंडेनवमीला मॅगझिन काढून, चेंबर दोनदा बघून पाटावर ठेवलं. हिने कुंकवाचं बोट पुढे केलं तेवढ्यात मी ओरडलो, "स्लाइडवर नको!" मग कुंकू पिस्तुलाच्या डब्याला लागलं.