लोकल एफएमचा नवा फॉरमॅट: ५ पैकी २ स्टार

रोज ऐकते त्या लोकल एफएमने जुनी गाणी बंद करून सगळं नवीन हिट्सवर आणलंय. आवाज क्लिअर आहे, बडबड कमी झालीये, पण प्लेलिस्ट इतकी छोटी की सकाळी वाजलेलं गाणं दुपारी परत आणि संध्याकाळी पण परत, आणि नवीन हिट्सच ऐकायचे तर फोनवर आहेतच की, त्यासाठी रेडिओ कोण लावेल? सगळ्यात जास्त खटकलं ते सकाळच्या आरजेला काढलं हे. लोकं गाण्यांइतकंच त्या आवाजासाठी रेडिओ लावतात, तो गेला की सवयच मोडते. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमने २००५ मध्ये असंच जुनी गाणी काढून जॅक फॉरमॅट (आरजेशिवाय वेगवेगळ्या काळातली मिक्स हिट्स) आणला, जुने आरजे पण गेले, रेटिंग पडलं आणि २००७ मध्ये जुनी गाणी परत आणावी लागली. बदलून फायदा होतच नाही असं नाही, पण तसली गाणी त्या भागात दुसरं कुणी वाजवत नसेल तरच, इथे तर बाजूच्या फ्रिक्वेन्सीवर हेच चालू असतं. रात्रीचा फर्माइशचा तास तेवढा ठेवलाय, कुणासाठी गाणं हवंय ते लोकं फोनवर स्वतः सांगतात, खूप छान वाटतं ऐकायला. दोन स्टार त्याचेच.