अंक की अ‍ॅन्युअल? जुनी ब्रिटिश कॉमिक्स जमवायची, तर सुरुवात कुठून करावी

जुनी ब्रिटिश कॉमिक्स जमवायला घेणाऱ्याला सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागते. दर आठवड्याला निघालेले सुटे अंक घ्यायचे, की वर्षातून एकदा निघणारी पुठ्ठा-बांधणीची जाड अ‍ॅन्युअल्स? दोन्ही घेऊ म्हणणाऱ्याचे पैसेही लवकर संपतात आणि कपाटातली जागाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चित्रं कोणाच्या हातची आहेत हे शोधण्यात तुम्हाला रस असेल, तर सुटे अंक घ्या, आणि तेही एकाच कॉमिकचे सलग. घरात मुलं वाचणार असतील, कमी पैशांत जुना काळ हाताळायचा असेल, तर अ‍ॅन्युअल घ्या. पण हा नियम प्रकाशकागणिक बदलतो, आणि रूपर्ट या चित्रकथेतल्या अस्वलाच्या बाबतीत तर तो सरळ उलटा होतो.

ज्यांनी अ‍ॅन्युअल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे दिवाळी अंकाचं जे स्थान, तेच तिकडे नाताळात अ‍ॅन्युअलचं. शरद ऋतूत बाजारात यायचं, काका-मामा पुतण्या-भाच्यांना भेट द्यायचे, आणि मुखपृष्ठावर साल पुढच्या वर्षाचं असायचं. म्हणजे '१९७२' छापलेलं अ‍ॅन्युअल १९७१च्या नाताळातलं. विकत घेताना हा एक वर्षाचा फरक डोक्यात पक्का हवा, नाहीतर पुढची सगळी जुळवाजुळव चुकते. 'बीनो' आणि 'डँडी' या साप्ताहिकांच्या १९६६च्या आधीच्या अ‍ॅन्युअल्सवर तर साल नसतंच. ती मुखपृष्ठावरच्या चित्रावरून ओळखायची. नावावरूनही काळ कळतो: १९४३ ते १९५० या काळात बीनोचं अ‍ॅन्युअल 'मॅजिक-बीनो बुक' या नावाने निघत होतं. 'मॅजिक' हे भावंड-साप्ताहिक कागदटंचाईत १९४१ सालीच बंद पडलं होतं, पण त्याचं नाव अ‍ॅन्युअलवर १९५०पर्यंत टिकलं.

आता मुख्य मुद्दा. जुन्या ब्रिटिश कॉमिक्समध्ये चित्रकाराचं नाव सहसा छापलेलं नसतं. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातली डी. सी. थॉमसन ही कंपनी यात सर्वांत कडक. 'डँडी' १९३७मध्ये आणि 'बीनो' १९३८मध्ये तिनेच सुरू केलं. १९५०च्या सुमारास बीनोचा खप आठवड्याला वीस लाखांच्या जवळ गेला होता, आणि ज्यांच्या चित्रांवर तो चालला होता त्यांची नावं वाचणाऱ्या मुलांना ठाऊक नव्हती. ठळक अपवाद एक, डडली वॉटकिन्स. डेस्परेट डॅन, लॉर्ड स्नूटी, ऊर वुली, द ब्रून्स ही सगळी त्यांची पात्रं. त्यांना १९४६पासून सही करू दिली गेली. त्यामुळे त्यांच्यापासून सुरुवात करणं सोपं. आधी सहीची पानं बघायची, हनुवटीचे खुंट, जाडजूड मुठी, कपड्यांच्या घड्यांची स्वच्छ रेघ नजरेत बसवायची, आणि मग १९४६च्या आधीच्या बिनसहीच्या पानांकडे वळायचं. तिथे तोच हात ओळखू येतो तेव्हा होणारा आनंद मला या छंदातला सर्वांत मोठा वाटतो.

सही नसलेल्यांचं काय? इथेच सलग सुटे अंक कामाला येतात. लिओ बॅक्सेंडेल यांनी १९५३-५४मध्ये बीनोला मिनी द मिंक्स, लिटल प्लम आणि पुढे 'बॅश स्ट्रीट किड्स' म्हणून गाजलेली शाळकरी टोळी दिली. १९६२मध्ये ते कंपनी सोडून गेले आणि बॅश स्ट्रीट डेव्हिड सदरलँड यांच्याकडे आलं. सदरलँड यांनी ते २०२३मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे साठ वर्षं काढलं. पण सुरुवातीची त्यांची पानं बॅक्सेंडेलच्या वळणाला धरूनच आहेत. एकटं पान समोर आलं तर भलेभले चकतात. १९६२चे अंक ओळीने लावून बघा. बॅक्सेंडेलच्या पानात गर्दी नुसती उकळत असते. मागच्या कोपऱ्यातला पोरगाही स्वतःचा वेगळा उद्योग करत असतो, भिंतीवर काहीतरी खरडलेलं असतं, धूळ आणि वस्तू हवेत असतात. सदरलँड यांच्या हातात आल्यावर पान हळूहळू निवळतं, रेघ गोल आणि ठाम होते, नजर कुठे जावी हे नीट ठरवलेलं दिसतं. हा बदल आठवड्या-आठवड्याने होतो. अ‍ॅन्युअलमध्ये तो दिसायचा कसा? तिथे वर्षाची मोजकी पानं, तीही कित्येक महिने आधी करून ठेवलेली. साप्ताहिकातून गेलेला चित्रकार अ‍ॅन्युअलमध्ये नंतरही दिसू शकतो. शिवाय अ‍ॅन्युअलमध्ये कधी दुसऱ्याच चित्रकाराकडून काम करून घेतलेलं असतं, कधी जुनी पानं पुन्हा छापलेली असतात. हात ओळखायला शिकणाऱ्याने सुरुवात तिथून केली, तर नजर घट्ट बसण्याऐवजी गोंधळतेच.

हाताची खूण बघताना मुख्य पात्राच्या चेहऱ्यावर विसंबू नका. चेहऱ्याची नक्कल बदली चित्रकार आधी साधतो, कारण संपादक तेच मागतो. कान, बोटं, बूट, पळणाऱ्या पोराच्या पायाखालची सावली, झाडाची पानं, मोटारीची चाकं, ही ठिकाणं बघा. तिथे माणूस स्वतःच्या सवयीने काढतो. डेव्हिड लॉ यांचा डेनिस (१९५१) खरखरीत, घाईत ओढल्यासारख्या रेघेचा आणि सतत धावता. केन रीड यांचा रॉजर द डॉजर (१९५३) आणि त्याहून पुढे जाऊन जोना (१९५८) यांत चेहरे पिळवटलेले आणि बारकावे दाट. अक्षरांवरून मात्र काही ठरवू नका. फुग्यांतला मजकूर बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणी लिहिलेला किंवा खिळे जुळवून छापलेला असतो.

लेखक ओळखणं याहून अवघड. गोष्टी बऱ्याचदा कचेरीतच बेतल्या जायच्या, आणि चित्रात असते तशी लेखकाच्या हाताची खूण मजकुरात सहज सापडत नाही. त्यासाठी अंक आणि अ‍ॅन्युअल दोन्ही सारखेच मुके. चित्रकारांनी नंतर दिलेल्या मुलाखती आणि अभ्यासकांनी लावलेल्या याद्या हाच आधार.

'ईगल' या साप्ताहिकाचं सगळंच वेगळं. एप्रिल १९५०मध्ये निघालेल्या पहिल्या अंकाच्या जवळपास नऊ लाख प्रती खपल्या. मार्कस मॉरिस हे पाद्री त्याचे संपादक आणि फ्रँक हॅम्पसन यांचा अंतराळवीर नायक डॅन डेअर पहिल्याच पानावर रंगीत. इथे चित्रकारांची नावं असत. पण नाव आहे म्हणून काम संपत नाही. हॅम्पसन यांचा अख्खा स्टुडिओ होता. डॉन हार्ले, हॅरल्ड जॉन्स, ग्रेटा टॉमलिन्सन असे सहकारी तिथे राबत, मॉडेल बनवत, एकमेकांचे फोटो काढून त्यावरून चित्रं काढत. सहीखालचा कुठला चौकोन कोणाचा, हा प्रश्न उरतोच. १९५९मध्ये हॅम्पसन यांनी डॅन डेअर सोडला आणि फ्रँक बेलामी आले, तेव्हाची मांडणी इतकी बदलते की सही झाकूनही कळतं. ईगलच्या बाबतीत मी निःशंकपणे सुटे अंक सुचवतो. ग्रॅव्ह्युअर छपाईचा (कोरलेल्या रुळावरून होणारी छपाई) तो रंग मोठ्या पानावरच बघावा, अ‍ॅन्युअलमधला डॅन डेअर त्यापुढे फिका पडतो.

लंडनच्या फ्लीटवे आणि नंतरच्या आयपीसी कंपनीच्या 'लायन', 'टायगर', 'व्हॅलिअंट' वगैरेंमध्ये पुन्हा निनावी कारभार. सही आलीच तर पांढऱ्या रंगाने पुसली जायची. इथे शोध इंग्लंडबाहेरही जातो, कारण स्पेन, इटली, अर्जेंटिनाचे चित्रकार एजन्सीमार्फत काम करत. 'व्हॅलिअंट'मधला स्टील क्लॉ स्पेनच्या हेसूस ब्लास्को यांचा. हाच लोखंडी हाताचा नायक १९७२पासून मुथू कॉमिक्समधून तमिळ वाचकांच्या घरात पोचला आणि तिथे आजही जिव्हाळ्याचा आहे. ही कोंडी १९७७मध्ये '२०००एडी' या साप्ताहिकाने फोडली. केविन ओनील यांनी प्रत्येक गोष्टीत लेखक, चित्रकार आणि अक्षरकाराच्या (फुग्यांतली अक्षरं काढणाऱ्याच्या) नावाची छोटी चौकट टाकायला सुरुवात केली. त्यानंतरचे २०००एडीचे अंक घेणाऱ्याला ओळखीचा प्रश्न जवळजवळ पडत नाही. फक्त टोपणनावं लक्षात ठेवा: टी. बी. ग्रोव्हर म्हणजे जॉन वॅग्नर, आणि पुढे वॅग्नर व अ‍ॅलन ग्रँट ही जोडी.

मुलींच्या कॉमिक्सकडे संग्राहकांनी फार वर्षं दुर्लक्ष केलं, आणि माझ्या मते नव्या माणसाला सर्वांत जास्त वाव आज तिथेच आहे. 'बंटी' (१९५८), 'टॅमी' (१९७१), 'जिंटी' (१९७४), 'मिस्टी' (१९७८). टॅमीने १९८२मध्ये नावं छापायला सुरुवात केली, त्याआधीचं बरंचसं काम निनावी. 'मिस्टी' दोनच वर्षं चाललं, पण तिची अ‍ॅन्युअल्स नंतरही काही वर्षं निघत राहिली. म्हणून मिस्टीचे मूळ अंक आधी शोधावेत. अ‍ॅन्युअल्स तुलनेने सहज सापडतात.

आता रूपर्ट. अस्वलाचं हे पिल्लू १९२०मध्ये मेरी टूर्टेल यांनी 'डेली एक्सप्रेस'मध्ये आणलं, १९३५पासून ते आल्फ्रेड बेस्टॉल यांच्याकडे आलं, आणि १९३६पासून अ‍ॅन्युअल निघू लागलं. युद्धातही खंड पडला नाही, फक्त १९४२ ते १९४९ पुठ्ठा जाऊन कागदी मुखपृष्ठ आलं. रूपर्टच्या गोष्टी वर्तमानपत्रात रोज तुकड्या-तुकड्याने यायच्या, त्या जमवणं व्यवहारात कोणाला परवडत नाही. रंगांसह पूर्ण गोष्ट अ‍ॅन्युअलमध्येच मिळते, म्हणून इथे दुसरा विचारच नको. बेस्टॉल यांची मुखपृष्ठं १९७३पर्यंतची. त्या शेवटच्या वर्षी त्यांनी रूपर्टचा चेहरा तपकिरी रंगवला होता, छापताना तो त्यांना न विचारता पांढरा केला गेला. तपकिरी चेहऱ्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती बाहेर आल्या आणि त्यांना प्रचंड किंमत येते. तसं काही तुम्हाला रद्दीत सापडेल या आशेवर बजेट आखू नये.

किमतीचं गणित सोपं आहे. १९७०-८०च्या दशकांतली बीनो-डँडीची अ‍ॅन्युअल्स इंग्लंडच्या धर्मादाय दुकानांत काही पौंडांत मिळतात, कारण ती लाखांनी छापली गेली आणि पुठ्ठ्यामुळे टिकली. सुटे अंक वाचून टाकून दिले जायचे, युद्धात तर रद्दी देशासाठी गोळा व्हायची. म्हणून १९४०च्या दशकातला साधा अंकही महाग. 'डँडी'च्या पहिल्या अंकाची, सोबतच्या भेटवस्तूसह असलेली प्रत २००४मध्ये वीस हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. बीनो आणि ईगलच्या पहिल्या अंकांच्या हुबेहूब नकला नंतर अधिकृतपणे छापल्या गेल्या आहेत. स्वस्तात 'पहिला अंक' मिळतोय असं वाटलं, तर बहुधा तीच नक्कल असते.

प्रत तपासताना अ‍ॅन्युअलमध्ये तीन ठिकाणं आधी बघा. 'हे पुस्तक कोणाचं' या चौकटीत नाव लिहिलंय का, किमतीचा कोपरा भेट देताना कापलाय का, आणि कोडी सोडवलेली आहेत का. युद्धानंतरच्या रूपर्टमध्ये पाण्याचा ब्रश फिरवला की रंग उमटणारी पानं असतात. ती कोरी असतील तर भाव चढतो. सुट्या अंकात कुपन कापलंय का हे पानं उलटून बघायचं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं नाव किंवा घरनंबर मात्र मला दोष वाटत नाही. तो पेपरवाल्याने कुठल्या घरी टाकायचा म्हणून लिहिलेला असतो.

आपल्याकडे ठेवायचं असेल तर हवेचा विचार करावाच लागतो. न्यूजप्रिंटच्या लगद्यात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यामुळे कागद उजेडाने आणि दमटपणाने पिवळा-ठिसूळ होतो. मुंबई-कोकणातला पावसाळा सुट्या अंकांना झेपत नाही. पॉलिएस्टरची पाकिटं, मागे आम्लरहित पुठ्ठा, आडवे रचून, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा. 'टॉपर' आणि 'बीझर'सारखी मोठ्या आकाराची साप्ताहिकं नेहमीच्या पाकिटात मावत नाहीत, हे घेण्याआधी लक्षात घ्या. अ‍ॅन्युअल्स कपाटात उभी राहतात, पण तीही कसरीपासून सुटलेली नाहीत. आणि टपालाचं बघाल तर अ‍ॅन्युअल वजनाने मारतं. चार अ‍ॅन्युअल्सचा टपालखर्च बऱ्याचदा त्यांच्या किमतीहून जास्त होतो. सुटे अंक हलके, फक्त दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवायला विक्रेत्याला आवर्जून सांगा. लंडन-लेस्टरला कोणी नातेवाईक असेल तर अ‍ॅन्युअल्स त्यांच्या घरी पोचवून सामानातून आणलेली परवडतात.

नुसतं वाचायचंय आणि मूळ प्रतीचा सोस नाही, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. रिबेलियन या कंपनीने २०१६ आणि २०१८मध्ये फ्लीटवे-आयपीसीचा जुना साठा विकत घेतला आणि ती आता त्यातल्या गोष्टी पुस्तकरूपात काढते. तिथे लेखक-चित्रकारांची नावं शोधून छापलेली असतात. हाती आलेला बिनसहीचा अंक पडताळायलाही ही पुस्तकं उपयोगी पडतात. थॉमसनच्या कॉमिक्ससाठी असा भरवशाचा आधार कमी, आणि तिथे ब्रिटिश लायब्ररीतल्या बांधीव फायलींकडे जावं लागतं.

तेव्हा अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी असा क्रम सुचवेन. आधी १९६०च्या दशकातलं बीनोचं एखादं स्वस्त, वापरलेलं अ‍ॅन्युअल घ्या आणि त्यातलं कुठलं पान तुम्हाला धरून ठेवतं ते बघा. मग त्या एका पात्राचे त्याच दोन-तीन वर्षांतले सुटे अंक, मिळतील तितके सलग, जमवत जा. पहिल्या अंकाच्या किंवा भेटवस्तूच्या मागे लागू नका. मधल्या, बिननावाच्या अंकांतच कोणाचा हात कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला हे दिसतं, आणि ते अंक अजून परवडणाऱ्या भावात मिळतात.