शंभर टक्के हजेरी, शून्य टक्के व्याज

मुलीची दहावीची प्रिलिम चालू होती तेव्हाच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, एका इंटिग्रेटेड क्लासची, म्हणजे अकरावी-बारावीचा कॉलेज प्रवेश आणि सीईटीसारख्या प्रवेश परीक्षांची तयारी एकत्र देणाऱ्या क्लासची, स्कॉलरशिप टेस्ट झाली. तिला चाळीस टक्के स्कॉलरशिप लागली. आम्ही पेढे वाटले. तिच्या वर्गातल्या नऊ जणींनी ती टेस्ट दिली होती आणि नऊही जणींना चाळीसच टक्के लागली होती, हे फार उशिरा कळलं. म्हणजे तीन लाखांची फी मुळात एक लाख ऐंशी हजारच होती.

माझं सोलापुरात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळकी वायर दाखवल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला बिल सांगत नाही. पण त्या एसी केबिनमध्ये बसलो आणि सगळी अक्कल बाहेर चपलांजवळ राहिली. काउन्सेलर बाई म्हणाल्या, "काका, तीस हजार आत्ता भरा, बाकीचे दहा-दहा हजारांचे पंधरा हप्ते. व्याज शून्य." पॅन, आधार, कॅन्सल चेक दिला. फोनवर ओटीपी आले, ते बाईंनीच माझ्या हातातून फोन घेऊन टाकले.

मी समजत होतो, हप्ते क्लासला जाणार. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीकडून माझ्या नावावर काढलेलं कर्ज होतं. मला व्याज शून्य पडावं म्हणून कंपनी क्लासकडून आपला वाटा कापून घेते आणि उरलेली सगळी रक्कम पहिल्याच झटक्यात क्लासच्या हातात ठेवते. क्लास पुढं चालो न चालो, हप्ता माझ्या मानेवर. नंतर ते ओटीपीचे मेसेज उघडून वाचले. प्रत्येकात 'लोन' हा शब्द होता.

कॉलेज टाय-अपचं, पस्तीस किलोमीटरवरच्या गावातलं. "तिथं जायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो." हे ऐकून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? एसटीचे दोन-तीन तास वाचले, तेवढाच अभ्यास होईल.

ऑगस्टमध्ये फिजिक्सचे सर गेले, दसऱ्याच्या आधी गणिताचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरं गेली तर शटर खाली आणि त्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' असा कागद. बाईंचा फोन बंद. तोवर माझे सात हप्ते गेले होते, आठ बाकी होते. ऐंशी हजार. कंपनी म्हणाली, करार तुमच्याशी आहे, हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड, खराब होईल. दुकानासाठी पुढं कर्ज लागणार होतं, म्हणून भरत राहिलो.

रागानं टाय-अपच्या कॉलेजात गेलो. तिथल्या सरांनी शांतपणे मस्टर पुढं सरकवलं. सप्टेंबरात डेंग्यू झाला म्हणून पोरीला पाच दिवस सलाईन लावलं होतं. मस्टरवर त्या पाचही दिवशी 'हजर'. मी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रवेश अर्जावर सही माझी होती. कुणाकडं जाऊन सांगू, की माझी मुलगी कधी कॉलेजला आलीच नाही? मला वाटतं, पैशापेक्षा ही मेख जास्त पक्की असते. खोट्यात आधी तुम्हालाच भागीदार करून घेतात.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार केली. पहिला प्रश्न आला, "पावती कितीची आहे?" माझ्याकडं फक्त तीस हजारांची. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय, तारखा पडतायत. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. दहावीची परीक्षा होईपर्यंत प्रवेश देऊ नका, मूल मध्येच बाहेर पडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करा, असं त्यात आहे. आम्ही पैसे भरले ते त्याच्या पुढच्याच महिन्यात, दहावीच्या पेपरांआधी. वकिलांनी तो कागद पुढं ठेवला तेव्हा मला त्याचा पत्ता लागला.

बारावीला परवानग्या काढून मुलीला शहरातल्या साध्या कॉलेजात आणलं. जर्नल मात्र क्लासकडून मिळालं होतं, सगळे प्रयोग लिहिलेले, तपासलेले, अक्षर भलत्याच कुणाचं. बोर्डात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकाला तीस मार्क प्रॅक्टिकलचे. सीईटीत वीस टक्के प्रश्न अकरावीवरचे, आणि क्लासनं बोर्डाचं पुस्तक उघडायलाच दिलं नव्हतं. केमिस्ट्रीच्या मॅडमनी पहिल्याच तासाला ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचेची नळी, भरायला सांगितली. पोरीनं खालची तोटी बंद न करताच वरून ओतलं. सगळं टेबल ओलं. रात्री जेवताना तिनं हे सांगितलं, हसत हसत, आणि मग हसली नाही.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी तिला दुकानात बसवलं. मल्टिमीटर कसा धरायचा, रेझिस्टन्स कसा मोजायचा, सर्किट कसं जोडायचं, तेवढं माझ्याकडून झालं. ब्युरेट माझ्या दुकानात नव्हती.