८×४२ दुर्बीण: हतनूरच्या पाणथळीवर बाराही महिने वापरून केलेली पारख

दुर्बिणीची पारख दुकानाच्या काउंटरवर होत नाही. रस्त्यापलीकडची पाटी सगळ्याच दुर्बिणींतून वाचता येते. खरी पारख पाणथळीवर होते, कारण तिथे एकाच सकाळी चार तऱ्हेच्या जागा बघाव्या लागतात: अर्धा किलोमीटर दूरचं उघडं पाणी, पन्नास पावलांवरचा चिखलाचा काठ, हाताच्या अंतरावरचं पाणकणीस आणि मागची गाळपेराची वावरं. आणि खानदेशात या चारही जागा प्रत्येक ऋतूत पालटतात. म्हणून ही पारख तापी-पूर्णा संगमाच्या अंगाने, हतनूर धरणाच्या पाणफुगवट्यावर आहे. महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत हतनूरचं नाव आहे. मेहरूण, वाघूर, अनेर किंवा धुळ्याच्या नकाणे तलावावरही हाच हिशेब थोड्याफार फरकाने लागू पडतो.

दुर्बीण म्हणजे ८×४२, सरळ नळ्यांची (रूफ प्रिझम), पाणीरोधक, आत नायट्रोजन भरलेली, साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळणारी. या किमतीत चार-पाच कंपन्यांचे नग एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की कंपनीपेक्षा आकड्यांकडे बघणं जास्त कामाचं. निकाल आधीच सांगतो: खानदेशात एकच दुर्बीण घ्यायची असेल तर हीच घ्यावी. १०×५० चा मोह टाळावा. मात्र हिवाळ्यात खोल पाण्यावरच्या बदकांसाठी ही अपुरी पडते, आणि ती उणीव दुसरी कुठलीही हातातली दुर्बीण भरून काढत नाही.

आठ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागलं की ५.२५ येतं, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. पहाटे अंधुक उजेडात डोळ्याची बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते, तेव्हा हा झोत तिला पुरतो. १०×४२ मध्ये तोच ४.२ होतो आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये २.५. जाहिरातीत ही १०×२५ जितकी देखणी दिसते तितकी ती पहाटे पाण्यावर आंधळी ठरते. तांबडं फुटताना रातथाऱ्यावरून उठणारे शराटी आणि बगळे तिच्यातून काळे ठिपके दिसतात. ८×४२ मधून त्याच वेळी काळ्या शराटीच्या डोक्यावरचा लाल डाग आणि मोर शराटीचा तांबूसपणा वेगळा काढता येतो.

आता ऋतूंकडे येऊ. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे वरच्या पाणलोटातल्या पावसाप्रमाणे खाली-वर होत असतात आणि पाणी गढूळ, चढतं-उतरतं असतं. (धरणाखालच्या पात्रात या दिवसांत पक्षी बघायला उतरूच नये. ऊन पडलेलं असलं तरी पाणी वरून येतं.) बदकांचे थवे नसतात, पण घरची मंडळी विणीला लागलेली असते: जांभळी पाणकोंबडी, अडई, हळदी-कुंकू बदक, लांब शेपटीचा कमळपक्षी, काठच्या बाभळीवर सुगरण, बेशरमाच्या झुडपांत वटवटे. इथे अंतर कमी आणि आडोसा जास्त. म्हणून मोठेपणापेक्षा दृश्याची रुंदी कामाला येते. ८×४२ मध्ये हजार मीटरवर साधारण १२० ते १३५ मीटर रुंदीचं दृश्य मावतं, १०×५० मध्ये शंभर ते ११५ च्या आसपास. कागदावर फरक थोडा वाटतो. पण पाणकणसातून क्षणभर बाहेर येऊन पुन्हा आत शिरणारा वटवट्या ८ मधून सापडतो आणि १० मधून निम्म्या वेळा निसटतो. जवळचा फोकसही इथेच कळतो. जुन्या धाटणीच्या १०×५० पोरो (पुढची भिंगं बाजूला सरकलेल्या, वाकड्या नळ्यांच्या) दुर्बिणींपैकी कित्येक सहा-सात मीटरच्या आत फोकस होत नाहीत. ८×४२ रूफ दोन-तीन मीटरपर्यंत येते, आणि कमळपक्षी पानावरून चालताना त्याच्या बोटांची लांबी मोजता येते.

पावसात नायट्रोजनचा उपयोग होतो, पण त्याबद्दल एक गैरसमज आहे. नायट्रोजनमुळे दुर्बिणीच्या आत धुकं धरत नाही. बाहेरच्या काचेवर ते धरतंच. एसी गाडीतून उतरून लगेच डोळ्याला लावली की काच पांढरी होते, आणि ती पुसत बसण्यापेक्षा दहा मिनिटं बाहेर ठेवलेली बरी. पाणीरोधक नसलेल्या पोरो दुर्बिणीत फोकस फिरवताना डोळ्याकडचा भाग आत-बाहेर सरकतो आणि दर वेळी दमट हवा आत ओढली जाते. दोन पावसाळ्यांत प्रिझमवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसू लागते. ती काढायचा खर्च बहुधा दुर्बिणीच्या किमतीजवळ जातो.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा सगळ्यात अवघड काळ, आणि दुर्बीण चांगली की बरी हे इथेच ठरतं. उत्तरेकडून आलेली बदकं या दिवसांत रंगात नसतात. नर पिसं टाकून मादीसारखा तपकिरी झालेला असतो. चित्रांच्या पुस्तकातला थापट्या हिरव्या डोक्याचा असतो, समोरचा मातकट. अशा वेळी रंग नव्हे, घडण बघायची: थापट्याची फावड्यासारखी चोच, तलवार बदकाची लांब मान आणि टोकदार शेपूट, भुवई बदकाच्या चेहऱ्यावरचे गडद-फिके पट्टे. मोठ्या लालसरीचा नर या अवस्थेतही चोच लालच ठेवतो. मादी तपकिरी टोपी आणि फिक्या गालांवरून कळते. तपकिरी थव्यातली एक लाल चोच दोनशे मीटरवरून वेगळी दिसली, तर काचेवरचं कोटिंग चांगलं आहे समजावं. स्वस्त दुर्बिणीत चमकत्या पाण्यासमोर पांढऱ्या बगळ्याला जांभळी किनार येते. तशीच किनार चोचीलाही येते आणि लाल की गुलाबी हा प्रश्न सुटत नाही. या किमतीच्या ८×४२ मध्ये ती किनार थोडी दिसतेच, विशेषतः दृश्याच्या कडेला. ईडी (रंगांची किनार कमी करणाऱ्या खास) काचेची दुर्बीण घेतली तर ती जवळजवळ जाते, पण किंमत पुष्कळ वाढते.

डिसेंबर-जानेवारीत साठा भरलेला असतो आणि बदकं खोल पाण्याच्या मध्यावर बसतात. इथे ८×४२ हात टेकते, हे स्पष्ट सांगायला हवं. सहाशे मीटरवरच्या वारकरी पक्ष्यांच्या (काळ्या, पांढऱ्या कपाळाच्या) गर्दीत शेंडी बदक किती आणि लालसरी किती, हे ती सांगू शकत नाही. पण म्हणून १०×५० सुद्धा सांगत नाही. हाताचा कंप मोठेपणाबरोबर वाढतो, आणि आठशे-नऊशे ग्रॅमचं वजन दहा मिनिटं उचलून धरल्यावर दहापटीतला फायदा थरथरीत संपतो. इथे तिवईवरचा स्पॉटिंग स्कोपच (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) लागतो, २० ते ६० पटीचा, साठ मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाचा, आणि तोही बहुतेक वेळ २५-३० पटीवरच ठेवायचा. गटात बघणाऱ्यांनी पाच जणांत एक स्कोप आणि प्रत्येकाची ८×४२ असा हिशेब करावा.

मोजणीत मात्र ८×४२ चं दृश्यवर्तुळ हीच फूटपट्टी होते. हजार मीटरवर १२५ मीटर, म्हणजे चारशे मीटरवर ५० मीटर. थव्याच्या डाव्या टोकापासून सुरुवात करायची, एका वर्तुळातले पक्षी दहा-दहाच्या पुंजक्यांनी मोजायचे, मग उजव्या कडेचं एखादं ठळक बदक किंवा बुडालेलं खोड धरून दृश्य सरकवायचं. सरळ गुणाकार करू नये. थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो, म्हणून दाट, मध्यम, विरळ अशी तीन वर्तुळं वेगळी मोजावीत. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी ही रीत बसवून ठेवावी. एकच थवा दोघांनी वेगवेगळा मोजून आकडे ताडून बघितले की चूक कुठल्या बाजूला जाते ते कळतं. बहुधा कमीच मोजलं जातं.

पट्टकादंब हंस पाण्यापेक्षा काठच्या हरभऱ्या-गव्हाच्या वावरांकडे जास्त दिसतात. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे ८ मधून दीडशे मीटरवर स्वच्छ मोजता येतात. त्याहून जवळ जायची गरजच नसते. माना ताठ झाल्या की तुम्ही फार पुढे आलात असं समजा आणि तिथेच थांबा.

फेब्रुवारीनंतर पाणी उतरू लागतं, गाळ उघडा पडतो, त्यावर काकडी-टरबुजाची गाळपेर होते आणि चिखलाच्या काठावर टिलवे, तुतवार, कंठेरी चिखले, शेकाटे येतात. ही या दुर्बिणीची सगळ्यात आवडती जागा म्हणावी लागेल. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा दोन्ही चिमणीएवढे, दोन्ही मातकट. छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळट-हिरवट. पण पाय चिखलाने माखलेले असले की हा नियम फसतो. तेव्हा चालीकडे बघा: छोटा टिलवा पळत, टोचत, इकडे-तिकडे करतो. टेमिंकचा दबकून, सावकाश, एकाच तुकड्यावर रेंगाळतो, आणि छातीवर धुरकट पट्टा असल्यासारखा दिसतो. पन्नास मीटरच्या आत, सूर्य पाठीशी असेल तर ८×४२ ला हे जमतं. ठिपकेदार तुतवारीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरव्या तुतवारीची डोळ्यापुढेच संपते. इथे एक-दोन सेकंदांत फोकस बसवावा लागतो, म्हणून फोकसचं चाक खरेदीच्या वेळीच फिरवून बघा. जवळ ते दूर दीड फेऱ्यांच्या आत यावं आणि कुठेही अडू नये.

उन्हाळ्यातली अडचण वेगळीच. भुसावळ-जळगावचं ऊन पंचेचाळिशीला टेकतं तेव्हा सकाळी आठालाच गाळावरची हवा उकळल्यासारखी हलू लागते. ही झळ दुर्बिणीचा दोष नाही आणि महागातली दुर्बीणही ती घालवत नाही. उलट जितकं मोठं दाखवाल तितकी झळ मोठी दिसते. म्हणूनच एप्रिल-मे मध्ये दहापेक्षा आठ बरी आणि स्कोप तर नऊनंतर बॅगेतच बरा. झळ जमिनीलगत जास्त असते, म्हणून बांधावर किंवा टेकाडावर उभं राहून उताराने खाली बघितलं तर चित्र थोडं स्थिर होतं. याच दिवसांत वाळूच्या बेटांवर नदी सुरय आणि लहान आर्ली अंडी घालतात. त्यांची घरटी म्हणजे उघड्यावरचा खळगा. पक्षी उठला की अंडी थेट उन्हात. इथे दुर्बिणीचा खरा उपयोग दूर राहण्यासाठी आहे: काठावरूनच बघा, बेटावर पाय ठेवू नका.

डोळ्याला बसवण्याची कृती नीट केली नाही तर चांगला नगही भुरकट वाटतो. आधी दोन्ही नळ्या वाकवून दोन वर्तुळांचं एक करा. मग उजवी बाजू हाताने झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर लांबचं झाड स्पष्ट करा. आता डावी झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची डायॉप्टरची कडी फिरवून तेच झाड स्पष्ट करा. कडीच्या त्या जागेवर मार्करची खूण करून ठेवा, कारण बॅगेत ती सरकते. चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्याचे कप आत फिरवावेत आणि खरेदीच्या वेळी आय रिलीफ (पूर्ण दृश्य दिसत असताना डोळा भिंगापासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर) किमान १५-१६ मिलिमीटर आहे का बघावं. कमी असेल तर दृश्याच्या कडा काळ्या होतात.

निगेत खानदेशातला मोठा वैरी धूळ. आधी रबरी फुग्याने फुंकर, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर. सदऱ्याच्या टोकाने किंवा गमछाने थेट पुसली की वाळूच्या कणांनी कोटिंग चरतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदला. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या दुर्बिणीचं रबर चिकट होतं आणि ग्रीस पातळ होऊन आतल्या काचेवर उतरू शकतं. सोबत येणारा बारीक पट्टा तासाभरात मान दुखवतो. छातीवर घ्यायचा हार्नेस वेगळा विकत घ्या, पैसे वसूल होतात.

घेताना ‘१००×’, ‘दिवस-रात्र झूम’ असलं काही लिहिलेला नग हातातही धरू नका. दुर्बीण डोळ्यापासून हातभर लांब उजेडाकडे धरा: डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचं वर्तुळ पूर्ण गोल हवं. कडेला चौकोनी राखाडी सावल्या असतील तर प्रिझम हलक्या काचेचं आहे. मग दुकानाबाहेर या आणि लांबची विजेची तार बघा. एक डोळा मिटून उघडताना तार जागच्या जागी राहिली पाहिजे. ती वर-खाली उडी मारत असेल किंवा दोन दिसत असतील तर नळ्या समांतर नाहीत, तासाभरात डोकं धरेल. तो नग परत करा आणि दुसरा मागा.