घड्यांची बाटली डेव्हलपरसाठी कितपत योग्य?

डार्करूममधील (फोटोची फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीतील) रसायने साठवण्यासाठी विकली जाणारी, दाबून लहान करता येणारी घड्यांची प्लॅस्टिक बाटली कल्पना म्हणून आकर्षक आहे. जेवढा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे रसायन, वापरला तेवढी बाटली दाबायची, म्हणजे आत हवा उरत नाही. हवेने डेव्हलपर खराब होण्याचा प्रश्न खराच आहे, कारण कोडॅकच्या माहितीपत्रकानुसार डी-७६ या त्यांच्या डेव्हलपरचे मूळ (वापरापूर्वी आणखी पातळ न केलेले) द्रावण काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत ६ महिने टिकते, तर अर्ध्या भरलेल्या बाटलीत केवळ २ महिने. तरीही डेव्हलपरसाठी ही बाटली मी सुचवणार नाही. तिच्या मऊ प्लॅस्टिकमधून प्राणवायू हळूहळू आत शिरतो, दाबलेली बाटली पुन्हा फुगू पाहते आणि घड्यांत साचलेला गाळ ब्रशनेही धड निघत नाही. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या लहान तपकिरी काचेच्या बाटल्यांत द्रावण काठोकाठ वाटून ठेवणे, किंवा पातळी वर आणण्यासाठी त्यात काचेच्या गोट्या टाकणे, कितीतरी खात्रीचे. स्टॉप बाथ (डेव्हलपरचे काम थांबवणारे द्रावण) आणि फिक्सर (चित्र कायम करणारे द्रावण) यांना मात्र साधी जाड प्लॅस्टिकची बाटली पुरते. घड्यांवर नाव-तारखेची चिठ्ठीही नीट चिकटत नाही, आणि लहान मुले असलेल्या घरात हा दोष मी किरकोळ मानत नाही.